ठाम आवाजातलं 'सोडा'

वरच्या स्टेशनची प्रमुख झाले तर पदरात काय काय पडेल, याचा हिशेब बघाबाईने भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, बसच्या रांगेत उभं राहून इतक्यांदा केला होता की बेरीज तोंडपाठ झाली होती. डोंगराच्या पायथ्याशी कंपनीचं क्वार्टर, दोन खोल्या, स्वतःचं स्वयंपाकघर आणि दाराला आतून लागणारी कडी. कडीची किंमत ज्याच्या घराला कडी आहे त्याला कळत नाही. बघाबाई, तिचा नवरा आणि मुलगी अशी तिघं नवऱ्याच्या थोरल्या बहिणीकडे मागच्या खोलीत राहत होती, आणि त्या खोलीची वाट वन्संच्या स्वयंपाकघरातून जात होती. वन्सं मनाने मोठ्या. भाडं म्हणून काही घेत नसत. त्याऐवजी रोज थोडं थोडं बोलून घेत.

जमेच्या बाजूला इतकं सगळं. आणि खर्ची काय घालायचं? तर भीती. ती गेली तर तिच्यासाठी कोण गळा काढणार होतं? निदान बघाबाईला तेव्हा तसं वाटलं.

'बघाबाई' हे नाव तिला रोपवेवरच्या लोकांनी दिलेलं. कुठलंही वाक्य ती स्वतःच्या नावावर करून बोलत नसे. शेवटी 'बघा' जोडायची आणि वाक्य समोरच्याच्या ओटीत टाकून मोकळी व्हायची. वारा कमी वाटतोय, बघा. चहा उकळला असेल, बघा. नवरा म्हणायचा, हिने लग्नाला होकार दिला तोही 'चालेल बहुतेक, बघा' असाच. मी बघितलं आणि अडकलो.

तिचं काम मात्र असं, की तिथे माणसाने सगळ्यांत ठाम असायला हवं. रोपवेचे पाळणे दोन. एक खालून वर चढायचा तेव्हा दुसरा वरून खाली उतरायचा. ब्रेक आणि मोटर खालच्या स्टेशनवर, ब्रेककाकांच्या हातात. वारा मात्र दिसायचा वरून, बघाबाईच्या खिडकीतून. प्रत्येक फेरीला माणसं भरली की काका फोन करून विचारायचे, "सोडू का?" ती मीटर बघायची, बाहेर बघायची आणि 'सोडा' म्हणायची. तिने म्हटल्याशिवाय काकांनी ब्रेक सोडायचा नाही, आणि तिने म्हटलं की थांबायचं नाही, असा नियम.

मीटर होता स्टेशनच्या छपरावर. समोरून येणारा वारा त्याला बरोबर कळायचा. पण डोंगराच्या उजव्या अंगाला एक घळ होती, आणि तिच्यातून कधी कधी वारा आडवा निसटून यायचा. तो छपरापर्यंत पोचतच नसे. मधल्या खांबाजवळ तार घळीवरून जायची, तिथे मात्र तो पाळण्याला बगलेतून धरायचा. घळीच्या काठचं गवत एका बाजूला झोपलं की बघाबाईच्या पोटात गोळा यायचा. गवत कधी नुसतंच हलायचं आणि काही व्हायचं नाही. पण गोळा यायचा. मग मीटर काहीही म्हणो, तिच्या तोंडून निघायचं, "सोडा... बघा."

आणि काका सोडत नसत.

ही रीत कुणी ठरवली नव्हती, कुणी लिहिली नव्हती, त्या दोघांत तिच्याबद्दल कधी चकार शब्द निघाला नव्हता. 'सोडा' आणि 'बघा' यांच्यामध्ये जरा फट पडली की काका पाळण्याच्या दाराची खिट्टी तपासायला उठायचे. खिट्टी धडधाकट असायची. काका तिच्याशी खेळत बसायचे, प्रवाशांना म्हणायचे, जरा जुनी आहे हो, आमच्यासारखी. थोड्या वेळाने परत फोन. तेव्हा गवत उभं राहिलेलं असायचं, आणि बघाबाई सरळ 'सोडा' म्हणायची. नियम कागदावर होता. रोपवे चालत होता तो बाईच्या भीतीवर आणि काकांच्या कानावर.

अशात जुने प्रमुख निवृत्त झाले आणि कंपनीने प्रशिक्षक आणला.

माणूस हसरा, कपड्यांना कडक इस्त्री, आणि प्रत्येक तिसरा शब्द 'ठाम'. दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव ठामसर पडलं. त्याने सगळ्यांना हॉलमध्ये गोल बसवलं आणि आपापली ओळख करून द्यायला सांगितली. तिकीटवाल्याने दिली, सफाईवाल्या मावशींनी तर स्वतःची देऊन नवऱ्याचीही दिली. बघाबाईची पाळी आली तेव्हा तिला आपलं नाव आठवायला वेळ लागला, आणि आठवलं तेव्हा त्याच्याही मागे 'बघा' लागलं. हॉल हसला. ठामसर हसले नाहीत. त्यांना गिऱ्हाईक सापडलं होतं.

पुढचे काही आठवडे त्यांनी तिच्यावर मेहनत घेतली, आणि खोटं कशाला बोला, मनापासून घेतली. श्वास पोटातून घ्यायचा. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. 'वाटतं', 'बहुतेक', 'बघा' हे शब्द म्हणजे चप्पल. बोलण्याच्या दारात काढून ठेवायचे. वाक्य उतरणीला सोडल्यासारखं खाली यायला हवं, शेवटी वर गेलं की ते प्रश्न होतं आणि प्रश्नाला बढती मिळत नाही. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, हे त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलं. एकदा तिने चाचरत विचारलं की भीती खरंच वाटत असली तर काय करायचं. ते म्हणाले, भीती आत ठेवायची, आवाज बाहेर. दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

ती न्हाणीघरात नळ सोडून सराव करायची. आरशाकडे रोखून बघत 'सोडा', 'थांबवा', 'सोडा' म्हणायची. एकदा वन्संनी दार वाजवलं.

"वहिनी, आत कोण आहे गं? कुणाला सोडतेस नि कुणाला थांबवतेस? आधी तो नळ थांबव."

बघाबाईचा जीव अर्धा झाला. पण त्या दिवशी जेवताना वन्सं भावाला म्हणाल्या की वहिनीचा आवाज सुधारलाय, आता घरात दोन बायका बोलतात असं वाटतं. वन्संच्या तोंडून इतकं म्हणजे पदकच. बघाबाईच्या डोळ्यांपुढे कडी चकाकली.

परीक्षा ठरली ती सुट्टीच्या दिवशी, गर्दीच्या दुपारी. ठामसर वरच्या स्टेशनवर तिच्या शेजारी बसून तिचं बोलणं ऐकणार, मॅनेजर खाली काकांच्या खोलीत फोनवर कान लावून बसणार, आणि दोघांचं एकमत झालं तर संध्याकाळी क्वार्टरची किल्ली. वन्संना ही बातमी लागली. पास फुकट मिळत होते, ते वाया घालवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. आमची वहिनी राज्य करताना बघायचीय, असं म्हणत भाचीलाही बरोबर घेऊन आल्या. आत्याबरोबर तारेवरून थेट आईकडे जायचं म्हणून पोर हरखून गेली होती.

जेवणानंतरच्या पहिल्या दोन फेऱ्या सुरळीत झाल्या. बघाबाई दोन्ही वेळा ठाम बोलली. ठामसरांनी मान डोलावली. मॅनेजरचा फोनवरून 'छान' असा आवाज आला. तिला वाटलं, एवढं सोपं होतं तर आपण इतकी वर्षं उगाच घाबरलो.

तिसऱ्या फेरीला काकांनी फोन केला. पाळणा भरलाय, तुमची मंडळी यातच आहेत, सोडू का?

मीटरचा काटा मर्यादेच्या बराच खाली होता. बघाबाईने बाहेर पाहिलं. घळीच्या काठचं गवत झोपलं होतं. उठत नव्हतं.

पोटात गोळा आला. एवढा मोठा तो आधी कधी आला नव्हता. पण मुलगी पाळण्यात बसली आहे म्हणून तो मोठा झालाय की गवतामुळे, हे तिला ठरवता येईना. शेजारी ठामसर पेन उघडून बसले होते. फोनच्या पलीकडे मॅनेजरचा श्वास ऐकू येत होता. 'बघा' तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. तिने तो गिळला. आणि त्या क्षणी तिच्या मनात जे आलं ते तिने नंतर कुणालाच धड सांगितलं नाही: काका आहेत ना. मी काहीही म्हटलं तरी त्यांना कळतं. ते उठतीलच खिट्टीपाशी.

"सोडा," ती म्हणाली. पोटातून, उतरणीला, डोळे समोर ठेवून.

खाली काकांनी तो आवाज ऐकला. त्यात फट नव्हती. ते मॅनेजरकडे वळून कौतुकाने म्हणाले, "शिकली की हो पोरगी," आणि ब्रेक सोडला.

तार हलली. तिला वाटलं आपल्याला भास होतोय, काका खिट्टीपाशीच आहेत. पण पाळणा स्टेशनातून बाहेर पडला, उन्हात आला, पहिला खांब ओलांडून मधल्या खांबाकडे सरकू लागला. 'थांबवा' म्हणायला तिने तोंड उघडलं. आवाज आत राहिला आणि भीती बाहेर आली. शिकवलं होतं त्याच्या नेमकं उलट. ठामसर विचारत होते, काय झालं? गवत आणखी खाली दबलं. मग वारा घळीतून निसटला आणि त्याने पाळण्याला बगलेतून धरलं.

पाळणा एका अंगाला गेला, परत आला, दुसऱ्या अंगाला गेला. तिसऱ्या हेलकाव्याला त्याची कड खांबावर घासली. तो आवाज वरच्या स्टेशनची काच बंद असतानाही आत आला. तार जागेवरून सरकली की यंत्रणा आपोआप बंद पडते, तशी ती पडली. पाळणा घळीवर लोंबकळत थांबला. वरून उतरणारा दुसरा पाळणा रिकामा होता, तोही थांबला. आता वारा पडेपर्यंत आणि तार जागेवर बसेपर्यंत कुणाला काही करता येणार नव्हतं.

फोन वाजला. मॅनेजर ओरडत होता की प्रवाशांशी बोला, पाळण्यातला स्पीकर चालू करा, लोक दार उघडायला बघताहेत असं दुर्बिणीतून दिसतंय. बघाबाईने बटण दाबलं. आतून आधी नुसता कल्लोळ आला: कुणी देवाला हाका मारत होतं, कुणी कंपनीला. कुणीतरी दार धरून ओढत होतं, त्याचा ठकठक आवाज येत होता. त्या सगळ्याच्या खाली एक बारीक रडणं होतं, ते तिने लगेच ओळखलं.

ठामसरांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्यांनी ओठ हलवून तिला शब्द दिले. ते तिने तसेच्या तसे उच्चारले. प्रवाशांनी शांत राहावं. परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे.

पाळणा हेलकावे खात असताना परिस्थिती नियंत्रणात आहे असं ज्याला सांगितलं जातं, तो समजतो की आता आपली धडगत नाही. कल्लोळ वाढला. दाराचा आवाज वाढला. आणि त्यातून वन्संचा आवाज आला, नेहमीपेक्षा दुप्पट मोठा.

"ही कोण बया बोलतेय? आमच्या वहिनीला फोनवर आणा. ती घाबरट आहे, ती खरं काय ते सांगेल."

बघाबाईने ठामसरांकडे पाहिलं नाही. तिचे दात वाजत होते, ते तिने वाजू दिले.

"वन्सं, मीच आहे. मला फार भीती वाटतेय. तार सरकलीय, पण तुटलेली नाही. ती तुटत नाही बहुतेक... नाही, तुटत नाही, इतक्या वर्षांत एकदाही तुटली नाही. पण दार उघडलं तर माणूस पडेल. उभं राहू नका कुणी. सगळे खाली बसा, पाळण्याच्या तळाला, डोंगराच्या बाजूला. एकमेकांना धरा. वारा पडेपर्यंत खूप हलेल, मलाही इथून बघवत नाहीये. पण बसा, बघा."

मग वन्सं म्हणाल्या, ऐकलंत ना, बसा सगळे, तुम्हाला काय वेगळं सांगायला हवं का, ए टोपीवाले, दार सोडा आणि खाली टेका. ठकठक थांबली. वन्संनी दारापाशी अडकलेल्या पोरीला एका हाताने खाली ओढलं. त्याच वेळी पाळणा कलंडला आणि त्यांचा तो हात कडेच्या दांड्यात सापडला. त्यांची किंकाळी स्पीकरमधून आली. त्यानंतर वन्सं बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं बघाबाईला वाऱ्यापेक्षा भयंकर वाटलं.

ती बटण सोडत नव्हती. काय बोलली ते तिचं तिला आठवत नाही. गवत अजून झोपलंय, सांगत होती. आता जरा उठतंय. परत झोपलं. नका उठू, बसून राहा. मुलीचं नाव घेत होती, मध्येच रडत होती, रडणं लपवत नव्हती. वारा पडून तार जागेवर बसवून झाली तेव्हा सावल्या खांबाच्या पलीकडे गेल्या होत्या. काकांनी हाताने चाक फिरवत पाळणा उलटा, वीत वीत करत खाली घेतला. कुणाचा जीव गेला नाही. पोरीला खरचटलंही नव्हतं. वन्संचं मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं होतं.

चौकशी झाली ती मॅनेजरच्या खोलीत. मोठ्या ऑफिसातून दोघं आले होते. एक विचारायचा, दुसरा मान हलवायचा. बघाबाई आत गेली तेव्हा तिला वन्संच्या प्लास्टरपेक्षा त्या दोघांची जास्त भीती वाटत होती. माणूस असाच असतो.

काका आधी बोलून गेले होते. बाईचा दोष नाही हे पटवण्यासाठी त्यांनी सगळं मोकळेपणाने सांगून टाकलं होतं: तिच्या आवाजात फट पडली की मी थांबायचो, वर्षानुवर्षं थांबत आलो, त्या दिवशी फट ऐकू आली नाही म्हणून सोडलं, माझा कान चुकला, तिचं काही नाही. मोठ्या ऑफिसच्या माणसाला यातलं एकच कळलं. 'सोडा' म्हटल्यावरही हा माणूस मनाला येईल तेव्हा थांबायचा. नियमभंग, आणि तोही वर्षानुवर्षं, स्वतःच्या तोंडाने कबूल.

मग त्याने बघाबाईला विचारलं की त्या वेळी मीटर मर्यादेखाली होता का. होता. तुम्ही स्पष्ट सूचना दिलीत का. दिली. त्याला तेवढं पुरेसं होतं, तो पुढच्या कागदाकडे वळला. तेव्हा बघाबाई बोलली.

"मला खात्री नव्हती. गवत झोपलं होतं. मला सोडायचं नव्हतं, तरी मी सोडा म्हटलं. काका थांबतील असं वाटलं... मला, बघा."

मॅनेजरने आधी ठामसरांकडे पाहिलं, मग ऑफिसवाल्यांकडे, आणि समजूतदारपणे हसला. म्हणाला, आमच्या बाई फार नम्र आहेत, दोष स्वतःकडे ओढून घ्यायची जुनी सवय आहे त्यांना. ठामसरांनी दुजोरा दिला. धक्क्यानंतर माणूस जुन्या बोलण्याकडे घसरतो, हे स्वाभाविक आहे; पण प्रत्यक्ष वेळी मी शेजारी होतो, आवाजात तिळमात्र शंका नव्हती. आणि नंतर पाळण्यातल्या लोकांना त्यांनी ज्या पद्धतीने बसवलं, ते तर कौतुकास्पद. विचारणाऱ्याने तिच्याकडे बघून विचारलं की तुम्हाला आणखी काही सांगायचंय का.

हे तिला दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. पोटातून श्वास घेऊन, डोळ्यांत बघत, वाक्य उतरणीला सोडून. तसं सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी लिहूनही घेतलं असतं. ते तंत्र आता तिला येत होतं. पण मॅनेजरच्या टेबलावर क्वार्टरची किल्ली ठेवलेली तिला दिसत होती, आणि भीतीचे प्रकार बरेच असतात.

"नाही," ती म्हणाली. शब्दात कुठेही फट नव्हती.

तर झालं ते असं. ठामसरांना कंपनीच्या आणखी दोन रोपवेंवर प्रशिक्षणाचं काम मिळालं; बघाबाईचं उदाहरण ते सगळीकडे सांगतात. मॅनेजरवर ठपका आला नाही. घळीपाशी दुसरा मीटर बसवायचं ठरलं, अजून बसलेला नाही. बघाबाई प्रमुख झाली, क्वार्टरमध्ये राहायला गेली. जायच्या दिवशी तिने वन्संची माफी मागितली, तर वन्सं म्हणाल्या की मनगट माझं मोडलंय, जीभ नाही, येत जा. त्यांचं मनगट थंडीत दुखतं आणि त्या हाताने आता भाकरी थापता येत नाही. पोर पाळण्यात बसत नाही. काकांना ब्रेकवरून काढून पार्किंगच्या फाटकावर बसवलं. गाडी आली की दांडा वर, गेली की खाली. खालच्या स्टेशनवर आता नवीन माणूस आहे. तो 'सोडा' ऐकतो आणि सोडतो. वरच्या खिडकीतली बाई प्रत्येक फेरीला, गवत उभं असलं तरी, पाळणा मधला खांब ओलांडेपर्यंत श्वास घेत नाही. दाराला कडी मिळाली ती बघाबाईला, आणि तिची किंमत मोजली ती एका मोडक्या मनगटाने आणि ज्याला ऐकू येत होतं त्या एकाच माणसाने.